लँटर्न मासा : डिंभावस्थांची ओळख (ओमानचे आखात)

ओमानच्या आखातात व लगतच्या अरबी समुद्रात विपुल असलेल्या लँटर्न माशांचे (कुल – मिक्टोफिडी) डिंभ ओळखण्याची रीत. कुलात सुमारे २५० जाती आहेत. आखातात प्राबल्य आहे ते बेंथोसेमा टेरोटम या बोटाहूनही लहान माशाचे. ‘इन्व्हेस्टिगेटर’ या पाहणी जहाजावरील वैद्य व निसर्गतज्ज्ञ आल्फ्रेड अल्कॉक यांनी १८९० मध्ये त्याचे वर्णन केले. ‘डॉ. फ्रिट्यॉफ नान्सेन’ या नॉर्वेच्या जहाजाने १९७५-७६ मध्ये केलेल्या पाहणीत अरबी समुद्रातील त्याचे प्रचंड साठे उघड झाले.

प्रौढ मासे दिवस अत्यल्प प्राणवायूच्या खोल थरात काढतात व रात्री वर येतात. डिंभ मात्र वरच्या सुमारे २०० मीटरांतच वाढतात, त्यामुळे ते प्लवकजाळ्यात सापडतात. प्रौढांची जात अंगावरील प्रकाशांगांच्या मांडणीवरून ठरते. डिंभांत ती बहुतेक नसतातच. म्हणून इतर लक्षणे पाहावी लागतात.

पहिले लक्षण डोळा. बेंथोसेमा व मिक्टोफम यांच्या उपकुलात तो अरुंद, लंबगोल असतो, कधी देठावरही असतो. डायाफस व लँपॅनिक्टस यांत गोल किंवा जवळजवळ गोल. मग आतडे पाहावे : तारलीवर्गीय डिंभांचे आतडे लांब, सरळ व शेपटीकडे पोहोचलेले असते, तर लँटर्न माशांचे साधारणतः शरीराच्या मध्याशी संपते. त्यानंतर काळ्या रंजककणांच्या जागा, स्नायुखंडांची संख्या व पर फुटण्याचा क्रम. बहुतेक जातींत पहिले प्रकाशांग गळ्याखाली, कल्ल्याच्या झाकणाजवळ उमटते. बाकीची बहुतांशी कायापालटाच्या वेळी येतात. जेफ्री मोझर व एल्बर्ट आल्स्ट्रॉम यांनी १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या प्रवाहातील डिंभांवर केलेले काम आजही या कामी आधाराला घेतले जाते. एकाच जातीचे निरनिराळ्या लांबीचे नमुने ओळीने मांडून, कायापालट झालेल्या पिल्लापासून मागे जात सर्वांत लहान डिंभापर्यंत पोचायचे, ही त्यांची पद्धत. ती धीराची आहे, पण तिला पर्याय नाही.

फॉर्मॅलिनमध्ये काळे कण टिकतात, पिवळे-तांबडे उडून जातात, आणि जनुकतपासणी अवघड होते. म्हणून प्रत्येक खेपेतील काही डिंभ पहिल्यापासूनच तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवावेत.

आखातातला प्रत्येक अरुंद डोळ्यांचा डिंभ टेरोटमच, असे धरून चालण्याचा मोह होतो. तो टाळावा. अरबी समुद्रात बेंथोसेमा फिब्युलाटमही आहे. रंजककण झिजलेल्या नमुन्याला प्रजातीपर्यंतच नाव देणे योग्य.