जीपचा आस पुन्हा पुन्हा का मोडत असे? एका तुटक्या तुकड्याचे इतिहासवाचन

१/
मराठवाड्यातील ग्रामीण वाहतुकीचा इतिहास लिहायचा तर जीपला वगळून चालणार नाही. परभणी, जिंतूर, पाथरी, गंगाखेड या वाटांवर एस.टी.च्या दोन फेऱ्यांमधील पोकळी जीपनेच भरून काढली. त्यांतील कित्येक जुन्या जीपच्या पोटात जन्माचे पेट्रोल इंजिन उरले नव्हते. त्या जागी डिझेल इंजिन बसवलेले असे. अशा बदललेल्या गाड्यांना एक ठरलेला आजार जडे. कधी मागचा आस मोडे, कधी क्रॉस तुटे, कधी गिअरचे दात झडत. नवा भाग घालावा, तर काही महिन्यांनी तोच भाग पुन्हा हातात येई. असे का होत असे, याचा हा धागा.

२/
आरंभ जीपच्या जन्मापासून करू. १९४० साली अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी होती. पहिला नमुना बॅन्टम कंपनीने बनवला; मोठ्या प्रमाणावर उत्पादन मात्र विलिस आणि फोर्ड यांनी केले. सैन्याच्या दप्तरी या गाडीचे वर्णन ‘पाव टनी ट्रक’ असे होते. पाव टन म्हणजे साधारण अडीचशे किलो वजन. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

३/
विलिसची खरी ताकद तिच्या इंजिनात होती आणि ते इंजिनही ‘सुधारलेले’च होते. डेलमार उर्फ बार्नी रूस या अभियंत्याच्या हाती ते आले तेव्हा त्याची शक्ती ४८ अश्वशक्ती होती. त्याने ती ६० पर्यंत नेली. त्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. इंजिन पूर्ण वेगाने चालवायचे, जो भाग आधी हार मानेल तो तपासायचा, त्याचे माप आणि धातू सुधारायचा, आणि पुन्हा चालवायचे. शक्ती वाढवणे आणि वाढलेली शक्ती सोसण्याची तयारी करणे, ही दोन्ही कामे त्याने एकत्र केली. आपल्या गोष्टीतील रोगाचे मूळ या दोन कामांची फारकत होण्यात आहे.

४/
युद्ध संपले. सैन्याने लिलावात काढलेल्या ‘डिस्पोजल’च्या जीप नागरी मालकांकडे आल्या. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. इकडे सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. या साऱ्या बदलांत सरकारी दौऱ्यांपासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत जीप हे अधिकाराचे आणि हालचालीचे वाहन ठरले.

५/
मग १९७३ चे तेलसंकट आले. तीन डॉलरच्या आसपास असलेले कच्च्या तेलाचे पिंप काही महिन्यांतच सुमारे बारा डॉलरवर गेले. पेट्रोलवर चालणारी जीप पोसणे जड झाले. डिझेल स्वस्त, आणि डिझेल इंजिन कमी इंधनात जास्त ओढणारे. पुढे १९८०च्या दशकात महिंद्रने प्यूजोच्या डिझेल इंजिनाची जीप स्वतःच बाजारात आणली. पण ज्यांच्या दारी जुनी पेट्रोल जीप उभी होती त्यांनी गॅरेजची वाट धरली. इंजिन बदलले, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि आस मात्र बहुधा जुनेच राहिले.

६/
आता रोगनिदानाचा इतिहास. ‘आस अचानक का मोडतो?’ हा प्रश्न मोटारीपेक्षा जुना आहे. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली. दारे बाहेरून बंद असल्याने पन्नासहून अधिक माणसे दगावली. अंटार्क्टिकाचा शोधप्रवासी द्यूमाँ द’उर्व्हिल पत्नी आणि मुलासह त्यातच गेला. साऱ्या जगाचा प्रदक्षिणाकार एका लोखंडी दांड्याच्या तुटण्याने संपला.

७/
त्या काळी एक समजूत प्रचलित होती: सततच्या हादऱ्यांनी लोखंडाचा पोत बदलतो, ते ‘स्फटिकासारखे’ ठिसूळ होते आणि मग तुटते. १८४३ साली विल्यम रँकिन या तेवीस वर्षेही पूर्ण न केलेल्या स्कॉटिश तरुणाने मोडलेले आस स्वतः पाहून वेगळे निरीक्षण मांडले. तूट अचानक होत नाही. आसाची जाडी जिथे एकदम कमी होते त्या कोपऱ्यावर बारीक चीर पडते, ती हळूहळू आत शिरते आणि उरलेला गाभा भार सोसेनासा झाला की शेवटचा तुकडा एका क्षणात तुटतो. उपायही त्याने सांगितला: तो कोपरा धारदार ठेवू नका, त्याला गोलाई द्या.

८/
पुढे प्रशियाच्या रेल्वेतील ऑगस्ट व्होलर याने १८५० आणि १८६०च्या दशकांत आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. त्याचा निष्कर्ष असा: एकदा दिल्यास सहज सोसला जाईल असा भारसुद्धा लाखो वेळा दिल्यास पोलाद तोडतो, आणि भार एका मर्यादेखाली ठेवला तर तेच पोलाद दीर्घकाळ टिकते. यालाच आपण धातूचा थकवा म्हणतो. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज मार्ग परभणीवरून गेला, तेव्हा आगगाडीच्या आसामागे या अभ्यासाची दोन पिढ्यांची पुण्याई होती. गॅरेजात इंजिन बदललेल्या जीपमागे ती नव्हती.

९/
आता जीपच्या मोडक्या आसाकडे वळू. तुटलेला पृष्ठभाग हे अस्सल साधन आहे, आणि अस्सल साधन वाचता यावे लागते. सारा पृष्ठभाग खरबरीत असेल किंवा आसाच्या खाचांना पीळ बसलेला असेल, तर एकाच जबर झटक्याने घात झाला. एका कडेला गुळगुळीत भाग, त्यावर शिंपल्यावर असतात तशा रेषा आणि दुसरीकडे थोडासा खरबरीत भाग, असे असेल तर तो थकव्याचा बळी. रेषा जिथून सुरू होतात तिथे पहिली चीर पडली. खरबरीत भाग मोठा असेल तर शेवटच्या क्षणी भार फार होता. लहान असेल तर भार बेताचा असून चीर फार काळ दुर्लक्षित राहिली.

१०/
पहिला आरोपी: वजन. युद्धकालीन जीपचे इंजिन जास्तीत जास्त सुमारे १४२ न्यूटन-मीटर पीळ देई. पहिला गिअर, लो रेंज आणि डिफरन्शियल मिळून तो साधारण २५ पट होई, म्हणजे चाकांपाशी ३,६०० न्यूटन-मीटरच्या आसपास. रिकाम्या जीपच्या आसावर एवढा पीळ सहसा येत नाही, कारण त्याआधीच टायर घसरतो. घरातील फ्यूज जसा वायरिंगला वाचवतो, तसा घसरणारा टायर आसाला वाचवतो. आता पाव टनी गाडीत पंधरा माणसे बसवा. साठ किलोच्या हिशेबाने ९०० किलो झाले. टायर जमिनीला घट्ट धरून राहतो, फ्यूज उडत नाही आणि सारा पीळ आसावर येतो. रुंद टायर बसवल्यानेही हेच होते.

११/
इथे परभणीची जमीन साक्षीला येते. काळी कापसाची माती पावसात फुगते आणि चाकाला चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. चिखलात एक चाक गरागरा फिरते आणि अचानक खालचा मुरूम किंवा दगड पकडते. त्या क्षणी फिरत्या चाकाचा सारा वेग एका झटक्यात आसात उतरतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर वर्षे काढणारा आस पांदीच्या वाटेवर एका पावसाळ्यात का जातो, याचे उत्तर या पकड-घसर खेळात आहे.

१२/
दुसरा आरोपी: आसाची रचना. युद्धकालीन जीपचा मागचा आस फक्त पीळ वाहून नेई. गाडीचे वजन बाहेरच्या नळीवर असे. नंतरच्या नागरी जीपमध्ये रचना बदलली आणि आसाला पिळाबरोबर वजनही पेलावे लागले. त्यातच चाकाचा हब आसाच्या निमुळत्या टोकावर एका चावीने अडकवलेला. त्या चावीची खाच म्हणजे धारदार कोपरा. रँकिनने १८४३ साली ज्याविषयी सावध केले होते, तोच कोपरा! हबची नट थोडी सैल राहिली की चावी खाचेत हलते, कोपऱ्यावर मार बसतो आणि चीर पडते. नवा आस घालून नट पुन्हा सैलच ठेवली तर नवा आसही त्याच जागी मोडणार.

१३/
तिसरा आरोपी: डिझेलची धडधड. विलिसच्या पेट्रोल इंजिनात हवा सुमारे साडेसहा पट दाबली जाई. डिझेलमध्ये ती साधारण वीस पट दाबली जाते. त्यामुळे प्रत्येक स्फोटाचा धक्का अधिक तीव्र असतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला असे दोन धक्के बसतात. सरासरी शक्ती सारखी असली तरी गिअरच्या दातांना आणि क्रॉसला ती सलग मिळत नाही. हातोड्याच्या ठोक्यांसारखी मिळते. क्लच प्लेटच्या स्प्रिंगांनी हे ठोके पचवायचे असतात. जुनीच प्लेट ठेवली तर ते ठोके पुढच्या भागांच्या वाट्याला येतात.

१४/
चौथा आरोपी: कोन. प्रोपेलर शाफ्टच्या टोकांशी असणाऱ्या क्रॉसच्या सांध्याला युरोपात सोळाव्या शतकातील कार्दानो आणि सतराव्या शतकातील रॉबर्ट हूक यांची नावे आहेत. या सांध्याची एक खोड आहे: शाफ्ट वाकड्या कोनात असेल तर एका बाजूची गती स्थिर असूनही दुसरीकडची प्रत्येक फेरीत दोनदा कमीजास्त होते. १० अंशांच्या कोनात हा चढउतार जेमतेम दीड टक्का असतो, २० अंशांत सहा टक्क्यांवर जातो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील आणि दोन्ही क्रॉस एका रेषेत बसवले असतील, तर एकाची चूक दुसरा निस्तरतो. पण रुबाबासाठी गाडी उंच केली, नवे इंजिन तिरके बसले किंवा शाफ्ट खोलून एक खाच पुढेमागे जोडला, की हा मेळ बिघडतो. मग क्रॉस कितीही भारीतला आणा, तो टिकत नाही.

१५/
पाचवा आरोपी सर्वांत लपलेला. परके इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडण्यासाठी मध्ये एक पट्टी घडवावी लागते. तिला अडॅप्टर प्लेट म्हणतात. इंजिनाच्या क्रँकचे केंद्र आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचे केंद्र तंतोतंत जुळले नाही, केसाएवढा फरक राहिला, तरी शाफ्ट प्रत्येक फेरीत किंचित वाकतो. परिणाम दिसतो तो गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर आणि क्लच प्लेटच्या मध्यावर. ‘बेअरिंग खराब निघाले’ असे म्हणून तिसरे बेअरिंग घालणाऱ्याने डायल गेज लावून केंद्र तपासले असते, तर दुसऱ्याच वेळी काम झाले असते.

१६/
कारण आणि परिणाम यांची गल्लत किती दूर जाते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण ‘बॅब्स’ या मोटारीचे. २७ लिटरचे विमानाचे इंजिन आणि चाकांना साखळीने जोर, अशी ती राक्षसी गाडी. एप्रिल १९२६ मध्ये पॅरी-थॉमस याने तिच्यावर ताशी सुमारे २७५ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. ३ मार्च १९२७ रोजी वेल्समधील पेंडाइनच्या वाळूवर तो पुन्हा विक्रमासाठी उतरला आणि अपघातात ठार झाला. साखळी तुटून डोक्याला लागली, असे सर्वत्र मानले गेले. गाडी तिथेच वाळूत पुरली गेली.

१७/
१९६९ साली ओवेन विन ओवेन यांनी ती उकरून काढली आणि दुरुस्त केली. त्यानंतर जुन्या निदानावर शंका घेतली गेली: मागचे चाक आधी निकामी झाले असावे आणि साखळीचे तुटणे हा परिणाम असावा, असे मत पुढे आले. बेचाळीस वर्षे पुरावा वाळूखाली होता आणि वर कथा फिरत होती. आपल्या गॅरेजांत तर पुरावा संध्याकाळीच किलोच्या भावाने भंगारात जातो.

१८/
म्हणून अशा गाडीचे निदान इतिहासकाराच्या शिस्तीने करावे. आधी कालक्रम लावा: कोणता बदल केव्हा झाला आणि पहिली मोडतोड त्यानंतर किती दिवसांनी? मग तुटलेला तुकडा वाचा. मग साक्षी ताडून पाहा: चालक म्हणतो ‘आपोआप तुटला’, तुकडा काय म्हणतो? आणि एक भाग मजबूत केल्यावर तूट पुढच्या दुबळ्या दुव्याकडे सरकली का, हे बघा. जाड आस घातल्यावर डिफरन्शियलचे दात जाऊ लागले, तर रोग बरा झालेला नाही, त्याने फक्त जागा बदलली आहे.

१९/
आज जुनी जीप घेऊन तिला ताकदवान इंजिन बसवण्याची हौस तरुणांत पुन्हा दिसते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ तपशिलांत मनमानी बदल करता येत नाहीत. इंजिन बदलायचे तर आर.टी.ओ.ची परवानगी लागते. हा नियम जाचक वाटतो खरा. पण वजन पेलणारा आस मोडला की चाक हबसकट निसटू शकते, आणि त्या वेळी जीपमध्ये माणसे असतात. व्हर्सायच्या आगगाडीतही माणसेच होती.

२०/
शेवटी एक विनंती. ज्या मेस्त्रींनी ही इंजिने बदलली, आवाजावरून क्रॉस ओळखला, तुटलेला आस बोटाने चाचपून कारण सांगितले, त्यांची पिढी आता थकली आहे. त्यांच्या ज्ञानाचा ग्रंथ नाही. आहेत त्या बिलांच्या वह्या, भिंतीला टेकवलेले जुने शाफ्ट आणि आठवणी. परभणी, पूर्णा, सेलू, मानवत, किंवा तुमच्या गावी असे कोणी असतील तर त्यांच्याशी बोला, त्यांच्या परवानगीने ते टिपून ठेवा. आणि एखादा मोडका आस हाती लागला, तर भंगारात देण्यापूर्वी त्याच्या तुटलेल्या तोंडाचे एक स्पष्ट छायाचित्र नक्की काढा. कुठे रेषा दिसतात, कुठे खरबरीत आहे, हे खाली लिहा. आपण मिळून वाचू.