रंगाच्या दुकानातला नर्तक

‘सॅटरडे नाइट फीव्हर’ म्हटले की पांढरा सूट, पायाखाली लुकलुकणारी फरशी आणि बोट आकाशाकडे रोखून उभा राहिलेला जॉन ट्रॅव्होल्टा, एवढेच बहुतेकांना आठवते. जॉन बॅडम यांचा १९७७ चा हा अमेरिकन चित्रपट आरंभी मात्र नाच दाखवीत नाही. हातात रंगाचा डबा घेऊन नोकर दुकानाकडे निघाला आहे, आणि तिकडे गिऱ्हाईक खोळंबले आहे. आमच्यासारख्या युनियनच्या माणसाचे लक्ष प्रथम त्या डब्याकडे गेले, यात नवल नाही.

टोनी मानेरो हा न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचा, इटालियन वंशाचा १९ वर्षांचा पोरगा. बाप बांधकामावरचा कामगार, पण काम सुटून घरी बसलेला. ही कथालेखकाची निव्वळ सोय नव्हे. १९७५ साली न्यूयॉर्क शहराचे दिवाळे निघण्याची वेळ आली होती आणि पालिकेने हजारो नोकर कमी केले होते. अशा दिवसांत टोनीला ४ डॉलरची वाढ मिळते. जेवताना बाप तिची हेटाळणी करतो. या महागाईत चार डॉलरना येते काय? पोरगा उसळतो. आपल्याला कोणी चांगले म्हटले ते जन्मात दोनदाच, एकदा नाचात आणि एकदा या वाढीने, असे तो सांगतो. वाटाघाटींत आमची तीसेक वर्षे गेली. वाढ म्हणजे नुसता पैसा नव्हे, हे मालकाला तर राहोच, आमच्याच कमिटीला पटविताना आमची दमछाक झालेली आहे.

पुढे कामावरून काढलेल्या टोनीला मालक परत घेतो आणि त्याचे भवितव्य म्हणून तेथेच वर्षानुवर्षे राबलेल्या दोन नोकरांकडे बोट दाखवितो. त्या वेळचा पोराचा चेहरा पाहावा! आमच्या शंभर भाषणांना ते साधले नसते.

दोषही थोडेथोडके नाहीत. ॲनेट ही मुलगी टोनीवर जीव टाकते. मोटारीत त्याचेच मित्र तिच्यावर अत्याचार करतात, आणि टोनी उलट तिलाच बोल लावतो. हे दाखविले म्हणून आमची तक्रार नाही. वस्तीतला पुरुषार्थ असा नासतो, हे आम्ही जाणतो. परंतु लगेच एक मित्र पुलावरून पडून मरतो, सारा शोक तिकडे वळतो, आणि ॲनेटचे दुःख विसरले जाते.

मूळ कथेचा प्रकार तर अजबच. निक कोन यांनी १९७६ साली ‘न्यूयॉर्क’ नियतकालिकात सत्यवृत्त म्हणून लेख लिहिला. त्यातला नायक आपण लंडनच्या जुन्या ओळखीवरून रचला होता, अशी कबुली त्यांनी सुमारे वीस वर्षांनी दिली. डिस्को वाढला तो कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी मंडळींच्या क्लबांत. येथे त्यांना कडेलाच जागा मिळाली. पोर्तोरिकन जोडपे सरस नाचूनही पहिले बक्षीस टोनीला मिळते, तेव्हा तो ते त्यांच्या हाती देतो. तेवढा एक न्याय चित्रपटाने केला, हे मान्य केले पाहिजे.

शेवटी टोनी रात्रभर भुयारी रेल्वेत बसून मॅनहॅटनला स्टेफनीच्या दारी येतो. ब्रुकलिन सोडायचे, एवढे त्याचे ठरले आहे. काम कोणते करणार, हे मात्र त्याला धड सांगता येत नाही. दुकानात राहिलेल्या त्या दोन नोकरांचे काय, हा प्रश्न तर कोणालाच पडत नाही.