१ एप्रिल १९५७ चा बांध

आमच्या घरी शेतांना गट नंबरानं कुणी ओळखत नाही. विहिरीचं, चिंचेचं, गोमाईकाठचं आणि त्याला लागून भिलाटीकडचं. शेवटचं आता आमच्याकडे नाही, तरी काका अजून त्याला ‘आपलं भिलाटीकडचं’ म्हणतात. हिवाळ्यात शहादा तालुक्यातल्या माहेरी गेले की त्यांच्यामागून शिवारात एक फेरी होतेच. यंदा पौषात गेले. दादर निसवली होती, हरभऱ्याच्या आंबीनं साडीचा काठ ओला झाला होता, आणि काका ऐंशीला टेकले तरी बांधावरून माझ्यापेक्षा भरभर चालत होते.

गोमाईकाठचं शेत आजोबांनी १९५१ साली घेतलं, भिलाटीकडचं १९६३ साली. दोन्ही शेतं दोन सख्ख्या भिल्ल भावांची. व्यवहारही एकाच वळणाचा: आधी पावसाळ्यात धान्याची उधारी, मग गहाण, मग खरेदीखत. आजोबांची सही, समोरच्याचा अंगठा.

हे वळण आजोबांनी शोधलेलं नव्हतं. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती आला, १८२५ मध्ये इंग्रज अधिकारी आउट्रमनं भिल्ल पलटण उभी केली, आणि डोंगरातल्या भिल्लांना तगाई देऊन नांगराला लावण्याचे प्रयत्न झाले. १८५२ च्या सुमारास जमिनीची मोजणी सुरू झाली तेव्हा एरंडोलकडच्या रयतेनं दंगा केला होता, पण मोजणी थांबली नाही. साखळी पडली, हद्दीचे दगड रोवले गेले, सारा ज्याच्या नावावर त्याची जमीन ठरली. आणि कागदावर आलेली जमीन कागदावरच गहाण पडू शकते, विकली जाऊ शकते. गुजरातेतून येऊन तापीच्या खोऱ्यात स्थिरावलेले आम्ही गुजर लोक शेतीत वाकबगार, हिशेबात त्याहून. भिल्लांकडे जमीन होती, पण कागद वाचून सांगणारं माणूस नव्हतं.

जमीन गेली की तोच माणूस त्याच शेतावर सालदार म्हणून यायचा. आखाजीला साल ठरायचं: इतकं धान्य, इतके पैसे, आणि वर उचल. उचल फिटायची नाही, त्यामुळे पुढच्या आखाजीला नव्यानं ठरवायला फारसं काही उरायचंच नाही. आमच्या खळ्यावर मी हे लहानपणी पाहिलं आहे, आणि तेव्हा ते मला पावसापाण्याइतकं साहजिक वाटायचं.

मग १९७१ साली पाटीलवाडीत आदिवासींवर गोळीबार झाला आणि शहाद्याचं नाव मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत गेलं. अंबरसिंग सुरतवंती हे भिल्ल कार्यकर्ते भजनी मंडळांतून, सर्वोदयाच्या कामातून आधीपासून वाड्यापाड्यांवर फिरत होते. शहरातले शिकलेले तरुण त्यांच्या साथीला आले. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. इकडे मोठ्या शेतकऱ्यांनी पीक संरक्षण सोसायट्या काढून राखणदार नेमले होते. काका तेव्हा तरुण होते. त्या राखणीबद्दल विचारलं की ते पिकाकडे बोट दाखवून दुसरंच काही बोलायला लागतात.

आजीला मात्र जमिनीहून बायकांचं नवल वाटलेलं. आपल्या अंगणात मान खाली घालून धान्य पाखडणाऱ्या भिल्ल बायका मोर्चात पुढे चालतात, दारूची मडकी फोडतात! नवऱ्याला भर भिलाटीत जाब विचारतात! हे सांगताना तिच्या आवाजात राग किती आणि हेवा किती, ते मला कधी नीट उमगलं नाही. श्रमिक संघटनेतूनच वाहरू सोनवणे यांच्यासारखे आदिवासी कवी पुढे आले. त्यांचा ‘गोधड’ संग्रह आमच्या घरात पहिल्यांदा मी आणला, तोही लग्नानंतर.

अंबरसिंग १९७४ मध्ये वारले. त्याच वर्षी ६ जुलैपासून जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला घेता येईनाशी झाली, आणि १ नोव्हेंबर १९७५ ला जमिनी परत करण्याचा कायदा अमलात आला. कायद्यानं मुदत धरली ती १ एप्रिल १९५७ पासून ६ जुलै १९७४ पर्यंतच्या व्यवहारांची. भिलाटीकडचं शेत तिच्यात बसलं. गोमाईकाठचं सहा वर्षांनी सुटलं.

शेत गेलं याचा आजोबांना जेवढा संताप आला, त्याहून जास्त भरपाईच्या हिशेबाचा आला. शेतसाऱ्याच्या ४८ पट आणि वर सुधारणांची किंमत, तीही हप्त्यांनी. सारा रुपयांत मोजावा असा थोडका, त्याची ४८ पट ती किती? मरेपर्यंत ते म्हणत, सरकारनं आपल्याला लुटलं. गोमाईकाठच्या शेताबद्दल मात्र ते कधी बोलले नाहीत, कारण त्याबद्दल त्यांना कुणी विचारलंच नाही. आमचा सातबारा शुद्ध आहे, असं घरात सगळे अभिमानानं सांगतात. माझ्या मते तो फक्त जुना आहे.

यंदा बांधावर थांबून मी काकांना हेच म्हणाले. दोघा भावांचा अंगठा सारखाच ना?

“कायद्यात बसत नाही पोरी,” ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, “धाकट्याचं नशीब. थोरल्यानं घाई केली.”

धाकट्याचा नातू आता भिलाटीकडच्या शेतात पपई घेतो, ठिबकवर. थोरल्याची नातवंडं ऊसतोडीला जातात, दिवाळीनंतर घराला कुलूप असतं. नातू पाइपाचं तोंड साफ करत होता. आम्हाला पाहून उठला, मला ‘आत्या, कधी आल्या’ विचारलं आणि काकांशी विजेवर बोलायला लागला: या आठवड्यात थ्री फेज पुन्हा रात्रीची आहे, थंडी अशी, बिबट्याचे ठसे चारीपाशी दिसलेले, तर दोघांनी मिळून पाणी धरू, तुमचा माणूस पाठवा. काकांनी किती वाजता ते विचारलं.