एका शब्दासाठी बायबलचं पान जाळलं! 'किंग जेम्स'चा वाद नेमका आहे तरी काय?

१९५२ चा नोव्हेंबर महिना. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं रॉकी माउंट नावाचं गाव. तिथल्या मार्टिन ल्यूथर हक्स नावाच्या बाप्टिस्ट पाळकानं नव्याकोऱ्या बायबलमधलं एक पान काढलं आणि लोकांसमोर पेटवून दिलं.

पान होतं 'यशया' पुस्तकाच्या ७ व्या अध्यायाचं. राग होता एका शब्दावर.

जुन्या इंग्रजी बायबलात त्या जागी 'कुमारिका' मुलाला जन्म देईल, असं होतं. 'रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जन' या नव्या भाषांतरानं तिथं 'तरुण स्त्री' असं छापलं. मूळ हिब्रू शब्द आहे 'अल्मा', म्हणजे लग्नाच्या वयाची तरुणी. पण येशूच्या आधीच ज्यूंनी केलेल्या ग्रीक भाषांतरात 'पार्थेनोस', म्हणजे कुमारिका, हा शब्द आला होता. मत्तयानं येशूच्या जन्माची गोष्ट सांगताना तोच घेतला. नव्या भाषांतरकारांनी मत्तयाच्या पुस्तकातली कुमारिका तशीच ठेवली होती. पण ते ऐकून घ्यायला कुणाला वेळ होता?

जुनं बायबल म्हणजे कोणतं?

इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याच्या आदेशावरून सुमारे ४७ विद्वानांनी केलेलं आणि १६११ साली छापलेलं 'किंग जेम्स व्हर्जन'. भाषा इतकी भारदस्त की इंग्रजीत आजही त्यातले वाक्प्रचार सहज वापरले जातात.

बहुतेक ख्रिस्ती लोक त्याला एक थोर भाषांतर मानतात. पण अमेरिकेत एक गट असा आहे, ज्याच्या मते हेच एकमेव खरं बायबल आणि बाकीची भाषांतरं भेसळीची. या मताला 'किंग जेम्स ओन्ली' म्हणतात.

भांडणाचं मूळ कुठं आहे?

एका जुन्या छापखान्यात. १५१६ साली इरॅस्मस या डच विद्वानानं बाझेल इथं ग्रीक नवा करार छापून आणला. हाताशी हस्तलिखितं मोजकीच होती. 'प्रकटीकरण' या शेवटच्या पुस्तकाची अखेरची वचनं त्याला ग्रीकमध्ये मिळाली नाहीत, तेव्हा त्यानं ती लॅटिनवरून उलटी ग्रीकमध्ये आणली.

खरी ठिणगी पडली ती योहानाच्या पहिल्या पत्रात. ५ व्या अध्यायातलं ७ वं वचन पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे तिघं एकच आहेत, असं थेट सांगतं. त्रैक्याच्या सिद्धांताला यापेक्षा सरळ आधार कुठला? पण इरॅस्मसला ते वचन ग्रीक प्रतींत सापडलं नाही, म्हणून त्यानं पहिल्या दोन आवृत्त्यांत ते घातलंच नाही. टीकेची झोड उठली. पुढं ते वचन असलेलं एक ग्रीक हस्तलिखित त्याला दाखवण्यात आलं आणि १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते आलं. तिथून ते किंग जेम्समध्ये उतरलं.

नव्या कराराची आज ५ हजारांहून जास्त ग्रीक हस्तलिखितं माहीत आहेत. हे वचन त्यातल्या अगदी थोड्या प्रतींत आणि तेही बहुतेक उशिराच्या काळातल्या प्रतींत मिळतं.

१९ व्या शतकात सिनाय पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेंट कॅथरीन मठातून चौथ्या शतकातलं 'कोडेक्स सिनायटिकस' जगासमोर आलं. त्यात हे वचन नाहीच. मार्काच्या पुस्तकातली शेवटची १२ वचनंही नाहीत. १८८१ साली वेस्टकॉट आणि हॉर्ट या इंग्रज अभ्यासकांनी अशा जुन्या प्रतींवर भर देऊन ग्रीक नवा करार नव्यानं मांडला. त्यावर जॉन बर्गन या धर्मगुरूनं जोरदार हल्ला चढवला.

मग ही श्रद्धा विरुद्ध बुद्धी अशी लढाई आहे का?

वरवर तसं दिसतं. पण किंग जेम्सवाल्यांचं म्हणणंही तर्कानंच चालतं. देवानं आपली वचनं जपण्याचं आश्वासन दिलंय. देव खोटं बोलत नाही. म्हणजे एक तरी निर्दोष बायबल आज लोकांच्या हातात असलंच पाहिजे. ते वाळवंटातल्या मठात पंधराशे वर्षं कसं पडून राहील?

पहिली दोन पावलं श्रद्धेची आहेत आणि ती समोरच्यांनाही मान्य असतात. अडतं पुढच्या पावलावर. ते निर्दोष बायबल १६११ चंच, हे कशावरून? आणि १६१० पर्यंत लोक काय वाचत होते? पीटर रकमन या पाळकानं तर किंग जेम्सच्या इंग्रजीवरून मूळ ग्रीकही दुरुस्त करता येतं, अशी भूमिका घेतली. इथं मात्र किंग जेम्सला मानणारे अनेक जणही थबकले.

ही भूमिका मानायची तर पंडिता रमाबाईंनी उगाच कष्ट घेतले म्हणायचे. त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणलं. १९२२ साली त्या गेल्या, १९२४ साली ते पूर्ण छापून निघालं.

दुसऱ्या बाजूला हस्तलिखितं तपासणारे सगळे नास्तिक आहेत, असंही नाही. किंग जेम्सवाल्यांविरुद्ध १९९५ साली पुस्तक लिहिणारे जेम्स व्हाइट स्वतः कट्टर इव्हँजेलिकल. मूळ लेखकानं जे लिहिलं तेच देवाचं वचन, म्हणून नंतरची भर ओळखून बाजूला काढायची, ही त्यांची श्रद्धा.

असं आधीही झालं होतं का?

झालं होतं, तेही एका वेलीवरून. चौथ्या शतकाच्या अखेरीपासून पाचव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जेरोमनं हिब्रूवरून नवं लॅटिन भाषांतर केलं. योनाच्या डोक्यावर सावली धरणारा भोपळ्याचा वेल त्यात 'आयव्ही' झाला. आजच्या लिबियातल्या ओइया गावात हे वाचताच लोक खवळले. बिशपला आपली मंडळीच गमावण्याची भीती वाटली, त्याला जुना शब्द परत घ्यावा लागला. ऑगस्टिननं ही तक्रार पत्रातून थेट जेरोमलाच कळवली. पुढं १५४६ साली ट्रेंटच्या परिषदेत कॅथलिक चर्चनं अधिकृत ठरवलं ते जेरोमच्याच नावानं ओळखलं जाणारं लॅटिन बायबल.

किंग जेम्सचंही तेच. ते नवं होतं तेव्हा ह्यू ब्रॉटन या विद्वानानं त्याच्यावर कडाडून टीका केली होती.

आजची इंग्रजी बायबलं वादग्रस्त वचनं कंसात किंवा तळटीपेत देतात. या टीपांमुळे वाचकाच्या मनात शंका येते, हा किंग जेम्सवाल्यांचा मोठा आक्षेप. गंमत म्हणजे १६११ च्या प्रतीतही समासात पर्यायी अर्थ छापले होते. त्यामुळे शास्त्राचा अधिकार डळमळेल असं काहींना वाटेल, याची दखल खुद्द भाषांतरकारांनी प्रस्तावनेत घेतली होती, तरी टीपा ठेवल्या. आज दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच किंग जेम्स प्रतींत ती प्रस्तावना छापलेली नसते.