नळीतला एक तास

रक्ताच्या रिपोर्टमध्ये ‘ईएसआर’ची एक ओळ असते. तिच्यापुढचा आकडा चक्क मिलिमीटरमध्ये असतो, कारण या चाचणीत खरोखरच अंतर मोजतात. रक्त गोठू नये म्हणून त्यात सोडियम सायट्रेट घालायचं, ते उभ्या काचेच्या नळीत भरायचं आणि थांबायचं. तासाभरात तांबड्या पेशी जेवढ्या खाली बसतात, तेवढा ईएसआर.

१८९७ साली वॉर्साचे डॉक्टर एडमंड बिएरनात्स्की यांनी दाखवलं, की हा वेग माणसागणिक वेगळा असतो आणि फायब्रिनोजेन हे प्रथिन जास्त असेल तर वाढतो. १९१८ साली स्वीडनमध्ये रॉबिन फोरेउस यांना गरोदर स्त्रियांच्या रक्तात पेशी भराभर खाली बसताना दिसल्या. यातून गरोदरपणाची चाचणी मिळेल अशी आशा होती. पण इतर आजारांतही, अगदी पुरुषांच्या रक्तातही, तसंच घडत होतं. ती आशा तिथेच संपली.

त्याच देशातले अल्फ वेस्टरग्रेन यांना मात्र त्यात उपयोग दिसला. १९२१ साली त्यांनी ही मोजणी क्षयरोग्यांसाठी वापरली. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून वीसेक वर्षं होती. विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार, एवढाच उपचार. अशा वेळी रोग शमतोय की पेटतोय, एवढं कळणंही मोलाचं होतं, आणि ते ही नळी सांगू शकत होती.

यामागचं कारण साधं आहे. शरीरात दाह झाला की प्रतिकारशक्तीच्या पेशी इंटरल्युकिन-६सारखी रसायनं सोडतात. तो निरोप मिळताच यकृत जास्त फायब्रिनोजेन बनवतं. मग तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि लवकर तळ गाठतात.

१९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना आणखी वेगवान खूण सापडली. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात न्यूमोनियाच्या जंतूचा ‘सी’ नावाचा अंश मिसळला की साका जमायचा. रुग्ण बरा झाला की जमायचा नाही. हेच सीआरपी. ईएसआर उतरायला आठवडे लागतात. सीआरपी काही तासांत चढतं आणि दाह थांबला की साधारण १९ तासांत निम्म्यावर येतं.

कोविडच्या लाटांत हा आकडा महाराष्ट्रात घरोघरी फोनवर येऊन पोचला आणि लोक त्यावरून धास्तावू किंवा निर्धास्त होऊ लागले. दोन्हींत धोका होता. टोसिलिझुमॅब हे औषध इंटरल्युकिन-६चा निरोपच अडवतं, त्यामुळे संसर्ग बाकी असतानाही सीआरपी खाली येऊ शकतं. उलट ईएसआर ॲनिमियाने, वयानेही वाढतो.

गरोदरपणाच्या चाचणीची आशा फोल ठरली, ती याच कारणाने. हा आकडा आजाराचं नाव सांगत नाही. वेस्टरग्रेन यांच्या रुग्णांचा आजार आधीच माहीत होता. पाहायची होती ती त्याची चाल. म्हणून आजही रिपोर्ट हातात आला की मागचा रिपोर्टही काढावा आणि दोन्ही डॉक्टरांसमोर ठेवावेत.