आधी कोण, मग कोण

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे तिथे रोज कामाला जाणाऱ्या कित्येकांच्या ध्यानीमनीही नसते. एमआयडीसीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये आज बोलबाला नव्या तंत्रज्ञानाचा असला, तरी भारतीय सॉफ्टवेअर व्यवसायाला सुरुवातीच्या दशकांत ज्या कामांनी हात दिला, त्यांत परदेशी बँका आणि विमा कंपन्यांच्या मेनफ्रेमची, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकांची, देखभाल हे मोठे काम होते. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून काढता पाय घेतला, १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिसची स्थापना झाली आणि सन २००० च्या तारखेच्या घोळाने या कामाला उधाण आणले. या देखभालीतला एक भाग बाहेर फारसा कोणाला ठाऊक नसतो. एकाच डेटाबेसकडे हजारो कामे एकदम आली तर आधी कोणाचे करायचे? हा प्रश्न तांत्रिक समजला जातो. त्याचा इतिहास पाहिला तर तो मुळात अधिकाराचा आहे, असे माझे म्हणणे आहे.

१९७४ मध्ये आयबीएमच्या मेनफ्रेमसाठी एमव्हीएस ही कार्यप्रणाली आली, तेव्हा हा क्रम आकड्यांत ठरे. कोणत्या कामाला प्रोसेसर आधी द्यायचा याचे अंक सिस्टिम प्रोग्रामर बसवत असे. ते का बसवले, हे त्याच्याखेरीज एखाद्यालाच सांगता आले असते. १९९४ मध्ये एमव्हीएसच्या पाचव्या आवृत्तीबरोबर वर्कलोड मॅनेजर आला आणि अंकांऐवजी उद्दिष्टे लिहायची सोय झाली. उदाहरणार्थ, अमुक वर्गातल्या नव्वद टक्के व्यवहारांना अर्ध्या सेकंदात उत्तर मिळावे. त्याला जोडून १ ते ५ असे महत्त्व द्यायचे, आणि त्याखाली डिस्क्रिशनरी, म्हणजे उरलेसुरले मिळाले तर मिळाले. उद्दिष्ट गाठले जाते की नाही हे यंत्र दर दहा सेकंदांनी तपासते आणि साधने इकडची तिकडे वळवते. एमव्हीएसचाच पुढचा अवतार असलेल्या झेडओएसच्या २००२ मधल्या १.३ आवृत्तीपासून जुनी पद्धत बंदच झाली. यंत्र हुशार झाले, अशी ही कथा बहुधा सांगितली जाते. मला त्याहून मोठी गोष्ट ही वाटते, की कोणी थांबायचे हा निर्णय प्रथमच व्यवस्थापकाला वाचता येईल आणि ज्यावर त्याला सही करावी लागेल अशा भाषेत आला.

डेटाबेसच्या बाबतीत हे सर्वांत स्पष्ट दिसते. १९८३ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएमच्या डीबी२ या डेटाबेसमध्ये कुलपांचा, म्हणजे कोणती नोंद सध्या कोणी अडवून ठेवली आहे याचा, हिशेब ठेवणारा आयआरएलएम नावाचा भाग आहे. त्याला ग्राहकाशी काही देणेघेणे नाही, तरी तो जवळजवळ सगळ्यांच्या वर, सिसएसटीसी या राखीव वर्गात ठेवतात, कारण तो अडला की सगळेच अडतात. म्हणजे इथे क्रम प्रतिष्ठेचा नसतो, कोण कोणावाचून खोळंबतो याचा असतो. खालच्या वर्गातला एखादा रात्रीचा जॉब कुलूप धरून बसला आणि त्याला प्रोसेसर मिळेना, तर वरच्या वर्गातला व्यवहारही त्याच्यापायी ताटकळतो; म्हणूनच अशा रखडलेल्या कामाला थोडा थोडा वेळ पुरवण्याची तजवीज प्रणालीत पुढे करावी लागली. उलट, दूरच्या सर्व्हरवरून येणाऱ्या विचारणांचे वर्गीकरण कोणी केलेच नाही, तर त्या सिसअदर या वर्गात पडतात आणि सगळ्यांत शेवटी उभ्या राहतात. कोणी त्यांना मागे लोटलेले नसते. धोरण लिहिताना त्यांची आठवण कोणाला झाली नाही, इतकेच.

यावर आक्षेप येतो की प्रोसेसर आता इतके वेगवान आहेत, की रांगेची उठाठेव हवी कशाला? पण मेनफ्रेमवर टंचाई यंत्राची नसली तरी पैशाची असते. सॉफ्टवेअरचे भाडे अनेक करारांत चार तासांच्या सरत्या सरासरीच्या महिन्यातल्या सर्वोच्च वापरावर ठरते, आणि बिल आवरायला कंपन्या वापरावर मुद्दाम मर्यादा घालतात. मर्यादा आली की रांग आलीच. दुसरा आक्षेप असा की सगळे यंत्रच जुळवून घेते, मग माणसाचा अधिकार उरला कुठे? यंत्र उद्दिष्टाकडे धावते हे खरे, पण उद्दिष्ट त्याचे नसते. आणि प्रत्येक विभागाने आपले काम पहिल्या महत्त्वाचे ठरवून घेतले, तर यंत्राकडे निवडायला काहीच राहत नाही.

आधी कोणाचे, हा प्रश्न मुळशीला संगणकांच्या कितीतरी आधी पाण्याच्या रूपाने भेटला होता. मुळा नदीवर टाटांनी धरण बांधायला घेतले ते भिऱ्याला वीज करून मुंबईला पुरवण्यासाठी, आणि जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू केला. सत्याग्रहाचे नेते बापट यांची ‘सेनापती’ ही ओळख याच लढ्यातली. अहवाल उशिरा निघाल्याने कोणाचे घर बुडत नाही, तेव्हा दोन्ही गोष्टी एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तुलना एवढ्यापुरतीच की दोन्हीकडे क्रम ठरवणारा स्वतः रांगेत नव्हता. हिंजवडीत रात्रपाळीला बसलेला अभियंता जे धोरण सांभाळतो, ते बहुधा सातासमुद्रापलीकडच्या ग्राहकाने मंजूर केलेले असते. फरक बदलण्याच्या सोयीत आहे. महिनाअखेरीचे वेगळे धोरण लागू करायला कन्सोलवर एक आज्ञा पुरते, तर मुळशीचे पाणी १९२७ पासून घाटाखाली भिऱ्याकडे उतरते आहे, आणि टंचाई आली की ते भीमा खोऱ्यात सोडा, ही मागणी पुन्हा पुढे येते.