बटाट्याच्या शेतात उगवलेले गाव

गाव कसे वसते ह्याची आपल्याकडे एक ठरलेली कल्पना आहे. नदी असावी, तिच्या काठी देऊळ असावे, कोणा मूळपुरुषाने पांढरीवर पहिले घर बांधावे, मग हळूहळू बारा बलुते गोळा व्हावेत. आणि वेशीबाहेर कोणाला बसवायचे तेही त्याच ओघात ठरून जावे. ह्या सगळ्याला पिढ्यान् पिढ्या लागतात. पण अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेस लाँग आयलंड म्हणून जे लांबट बेट आहे, तेथे सतरा हजारांवर घरांचे एक गाव अवघ्या चार वर्षांत उभे राहिले, आणि तेवढ्याच अवधीत त्याची वेसही आखून झाली. ह्या गावाचे नाव लेव्हिटटाऊन.

हे गाव नॅसॉ नावाच्या काउंटीत आहे. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजायला हरकत नाही. मात्र तेथे कलेक्टरसाहेब नसतो. कारभार लोकांनी निवडलेल्या मंडळाचा. (आपल्याकडे जिल्हा परिषदा आल्या त्या १ मे १९६२ ला.) १८९८ साली क्वीन्स काउंटीचा पश्चिम भाग न्यूयॉर्क शहरात सामील झाला, तेव्हा पूर्वेकडची तीन 'टाऊन' बाहेर राहिली, त्यांची १८९९ च्या १ जानेवारीला निराळी काउंटी झाली, तीच ही नॅसॉ. टाऊन हे नाव शहरी वाटले तरी प्रकार आपल्या तालुक्याच्या जवळचा आहे. तीन टाऊन म्हणजे हेम्पस्टेड, नॉर्थ हेम्पस्टेड आणि ऑयस्टर बे. पुढे ग्लेन कोव्ह आणि लाँग बीच ही दोन लहान शहरे स्वतंत्र झाली. १९४० साली सगळ्या काउंटीची वस्ती ४,०६,७४८ होती. १९५० साली ती ६,७२,७६५ झाली आणि १९६० साली १३,००,१७१! वीस वर्षांत तिपटीहून अधिक. ज्या घरात दहा माणसे जेवत होती तेथे एकाएकी तीस पाने मांडायची वेळ आली, तर गृहिणीची जी धांदल उडेल तीच तेथल्या कारभाऱ्यांची उडाली.

हा लोंढा आला कोठून? दुसरे महायुद्ध संपले, लाखो तरुण सैनिक परत आले, त्यांची लग्ने झाली, मुले झाली. पण राहायला जागा नव्हती. कोणी आईबापांकडे एका खोलीत, कोणी सासुरवाडीत, तर कोणी लष्कराच्या जुन्या पत्र्याच्या झोपड्यांत. १९४४ च्या कायद्याने सरकारने त्यांच्या गृहकर्जाची हमी घेतली होती. कर्ज तयार होते, घर नव्हते. इकडे हेम्पस्टेडच्या सपाट माळावर बटाट्याची शेते होती, आणि त्या बटाट्यांना मुळाशी लागणाऱ्या एका सूक्ष्म कृमीने पछाडले होते. शेतकरी जमिनी विकायला काढीत होते. त्या जमिनी लेव्हिट नावाच्या कुटुंबाने घेतल्या. बाप अब्राहम मूळचा वकील, थोरला मुलगा विल्यम व्यवहार पाहणारा, धाकटा आल्फ्रेड घरांचे आराखडे काढणारा.

मे १९४७ मध्ये त्यांनी भाड्याची २,००० घरे बांधण्याचे जाहीर केले. घर २५ फूट बाय ३० फूट, भाडे महिना ६० डॉलर. पण एक अडचण निघाली. हेम्पस्टेड टाऊनच्या बांधकामाच्या नियमांत घराला तळघर हवेच असे कलम होते, आणि लेव्हिटांना तर तळघर न खणता जमिनीवर सिमेंटचा थर ओतून त्यावर घर उभारायचे होते. त्याशिवाय ते स्वस्त पडणार कसे? तळघरावाचून घर म्हणजे झोपडपट्टीच, असे म्हणणारेही गावात होते. 'न्यूजडे' ह्या तेथल्याच दैनिकाने बाजू घेतली ती बिनघरांची. मे महिन्याच्या अखेरीस टाऊन बोर्डाची सभा भरली, तेव्हा शेकडो माजी सैनिक बायकामुलांसह सभागृहात येऊन उभे राहिले. बोर्डाने नियम बदलला. स्थानिक राजकारण म्हणतात ते असे असते. त्यात मोठी तत्त्वे दिसत नाहीत. तळघर असावे की नसावे एवढाच प्रश्न असतो, आणि त्यावर हजारो संसार अडलेले असतात.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरला पहिली तीनशे कुटुंबे राहायला आली. घर बांधण्याच्या कामाचे सव्वीस-सत्तावीस तुकडे पाडले होते. एक टोळी फक्त थर ओतणारी, एक फक्त फरशी बसवणारी, आणखी एक फक्त रंग देणारी. कारखान्यात वस्तू पुढे सरकते आणि कामगार जागेवर असतो. येथे घरे जागेवर आणि कामगार पुढे सरकत जात. जोर चढला तेव्हा दिवसाला तीस घरे पुरी होत. १९४९ पासून घरे विकायलाही काढली. १९५१ पर्यंत आकडा १७,४४७ वर गेला. जागोजागी दुकाने, मैदाने आणि पोहण्याचे नऊ तलाव!

माणसे सगळी एका वयाची, एका उत्पन्नाची, आणि जवळजवळ सगळ्यांच्या कडेवर मूल. आजी नाही, आजोबा नाहीत. शेजारणी एकमेकींची मुले सांभाळीत, कॉफीला जमत, आणि सगळी घरे सारखीच असल्यामुळे नवखा पाहुणा हमखास भलत्याच दारी जाई. हे शेजारपण खरे होते आणि त्याची आठवण पुढे म्हाताऱ्या झालेल्या त्या लोकांनी मोठ्या प्रेमाने सांगितली आहे. पण कंपनीचे नियमही होते. अंगणाला कुंपण घालायचे नाही. हिरवळ आठवड्यातून एकदा कापलीच पाहिजे; न कापल्यास कंपनीचा माणूस कापून जाई आणि बिल तुम्हाला येई. शनिवार-रविवारी धुणे बाहेर वाळत घालायचे नाही. एरवीदेखील दोरी बांधायची नाही, कंपनीने सांगितलेल्या गोल फिरत्या दांडीवरच घालायचे. आपल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या सभांत गॅलरीतल्या धुण्यावरून जे रामायण घडते ते ज्यांनी ऐकले आहे, त्यांना ह्यात नवल वाटायचे नाही!

ह्या जागेचे जुने नाव आयलंड ट्रीज. उघड्या माळावर झाडांचा एक पुंजका बेटासारखा दिसे, त्यावरून पडलेले. १९४८ च्या नववर्षदिनापासून लेव्हिटांनी ते बदलून गावाला स्वतःचे नाव दिले. पुष्कळ रहिवाशांना ते रुचले नाही; पण रहिवाशांना विचारतो कोण? जुने नाव उरले ते फक्त तेथल्या एका शाळामंडळाला.

आणि आता ती वेस. भाडेकरारात ठळक अक्षरांत एक कलम छापलेले होते: गोऱ्या वंशाच्या माणसाखेरीज कोणालाही ह्या घरात राहू द्यायचे नाही, घरकामाचे नोकर तेवढे अपवाद. जे काळे सैनिक ह्याच युद्धात लढून आले, त्यांनाही हे कलम लागू होते. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अशा अटींची अंमलबजावणी कोर्टे करणार नाहीत. पुढच्या वर्षी कलम कागदावरून गेले. रिवाज गेला नाही. गावातल्याच काही गोऱ्या रहिवाशांनी भेदभाव थांबवण्यासाठी समिती काढली, हेही नोंदले पाहिजे. दोन भाडेकरू कुटुंबांनी काळ्या मुलांना आपल्या घरी खेळायला येऊ दिले, तेव्हा त्यांचे करार पुढे चालवण्यास कंपनीने नकार दिला. विल्यम लेव्हिट स्वतः ज्यू होता. आपल्या लोकांना ठिकठिकाणी दारे कशी बंद असतात हे त्याला ठाऊक होते. त्याचे म्हणणे असे की, काळ्यांना घर विकले तर गोरे घेणार नाहीत, आणि मी घरे बांधणारा, समाजसुधारक नव्हे. धंदेवाल्याचा हा युक्तिवाद फार जुना आहे आणि तो कोणत्याही भाषेत करता येतो. १९६० साली गावाची वस्ती पासष्ट हजारांवर होती. तीत शंभरही काळी माणसे नव्हती.

एवढ्या मोठ्या वस्तीला नगरपालिका तरी असेल, असे वाचकांना वाटेल. ती नव्हती, आणि आजही नाही. लेव्हिटटाऊनला महापौर नाही, नगरसभा नाही. रस्ते आणि कचरा टाऊनकडे, पोलीस काउंटीकडे, आग विझवायला गावातलेच स्वयंसेवक. ज्या टाऊन बोर्डापुढे १९४७ साली माणसे उभी राहिली, त्याच्यावरच सगळी भिस्त. ते बोर्ड आणि काउंटीही एकाच पक्षाच्या, रिपब्लिकनांच्या हातात होती. जे. रसेल स्प्रेग हा १९३८ पासून १९५३ पर्यंत काउंटीचा मुख्य कारभारी होता. त्या जागेवर डेमोक्रॅटिक पक्षाचा माणूस, यूजीन निकरसन, प्रथम निवडून आला तो १९६१ मध्ये. पक्षाची घडी इतकी पक्की की टाऊनच्या नोकरांनी पगाराचा शेकडा एक हिस्सा पक्षाला द्यायचा अशी वहिवाटच पडली होती. तिच्यावरून पुढे कोर्टात दावे झाले.

पण खरी गंमत आहे ती काउंटीच्या सुपरवायझर मंडळाची. मुलांनी येथे पाटी-पेन्सिल घ्यायला हरकत नाही. मंडळात सहा सदस्य. टाऊन लहानमोठी, म्हणून ज्याची वस्ती जास्त त्याच्या हाताला मते जास्त. १९५० नंतरच्या दशकात वाटणी अशी होती: हेम्पस्टेडचे दोघे, प्रत्येकी ९, नॉर्थ हेम्पस्टेड ७, ऑयस्टर बे ३, ग्लेन कोव्ह १, लाँग बीच १. एकूण ३०, ठराव पास व्हायला १६ हवीत. दिसायला किती न्याय्य! आता बेरीज करा. हेम्पस्टेडचे दोघे मिळून १८. एक हेम्पस्टेडकर आणि नॉर्थ हेम्पस्टेड मिळून १६. म्हणजे मोठ्या तिघांतले कोणतेही दोघे एक झाले की काम फत्ते. उरलेले तिघे, ३ आणि १ आणि १, सगळेच्या सगळे एका ९ वाल्याच्या पाठीशी उभे राहिले तरी होतात १४. त्यांनी होय म्हटले काय, नाही म्हटले काय, किंवा घरी झोप काढली काय, निकालात तिळभर फरक पडणे शक्यच नव्हते. आणि ह्याच दहा वर्षांत ऑयस्टर बेची वस्ती सत्तर हजारांच्या आतून पावणेतीन लाखांच्या वर गेली. तेवढी माणसे दर निवडणुकीला रांगेत उभी राहून मत देत होती, आणि त्यांच्या प्रतिनिधीच्या हाताचे वजन शून्य होते. पुढे शिरगणतीनंतर आकडे बदलले: ३१, ३१, २८, २१, २, २. ऑयस्टर बेला २८ मिळाली, आणि शून्याची पाळी २१ मतांच्या नॉर्थ हेम्पस्टेडवर आली. एकूण ११५, हवीत ५८. वाचकांनी बेरीज स्वतः करून पाहावी.

जॉन बॅन्झाफ नावाच्या वकिलाने १९६५ साली एका कायदेविषयक नियतकालिकात लेख लिहून हे उघडे पाडले. मत किती आहे हे पाहू नका, ते किती वेळा निकाल फिरवू शकते हे पाहा, असे त्याचे सांगणे. त्याची ही मोजण्याची रीत आता गणिताच्या पुस्तकांत त्याच्या नावाने शिकवतात. काउंटीने काय केले? आकडे दुरुस्त केले, पुन्हा केले, आणखी एकदा केले. मंडळ तेच ठेवले. अखेर १९९३ साली संघराज्याच्या कोर्टाने ही पद्धतच घटनाविरोधी ठरवली. १९९६ च्या जानेवारीपासून सुपरवायझर जाऊन एकोणीस मतदारसंघांचे विधिमंडळ आले. ऑयस्टर बेच्या शून्यापासून हा काळ मोजला तर चाळीस वर्षे होतात.

शाळेचे राहिले. मास्तराला ते टाळून पुढे जाववत नाही.

तेथे प्रत्येक शाळामंडळ स्वतंत्र निवडून येते आणि शाळेच्या अंदाजपत्रकावर दर वर्षी रहिवासीच मत देतात. गावात कारखाने नसल्यामुळे कराचा भार घरांवरच पडे, आणि पोरांनी तर शाळा ओसंडून चाललेल्या. म्हणून तेथे भांडणे होत ती शाळामंडळाच्या सभांत. लोकांच्या हाताशी खरोखर आलेली सत्ता होती ती एवढीच. जुने नाव राखून असलेल्या आयलंड ट्रीज मंडळाचे दोघे सदस्य १९७५ च्या नोव्हेंबरात एका रात्री हायस्कूलच्या ग्रंथालयात गेले आणि आक्षेपार्ह पुस्तकांची एक यादी हातात धरून त्यांनी कार्डे चाळली. यादीतली नऊ पुस्तके तेथे सापडली. एक धाकट्या शाळेत आणि एक बारावीच्या अभ्यासक्रमात निघाले. पुढच्या वर्षी मंडळाने ती काढून घेतली. त्यांत कर्ट व्हॉनेगट होता, बर्नार्ड मॅलमड होता, रिचर्ड राइटचे आत्मचरित्र होते, लँग्स्टन ह्यूजने संपादित केलेला काळ्या लेखकांच्या कथांचा संग्रह होता. ज्या गावाने काळ्या शेजाऱ्याला घर दिले नव्हते, त्या गावात तो पुस्तकातून आत आला होता. तेथूनही त्याला बाहेर जावे लागले.

मंडळाने चार पालक आणि शाळांतले चार कर्मचारी ह्यांची समिती नेमली. तिने पाच पुस्तके ठेवावीत असे सुचवलेले पाहून मंडळाने समितीलाच बाजूला सारले. तेव्हा पाच विद्यार्थी उठले आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यांनी मंडळावर दावा लावला. तो चढत चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तोवर ती मुले शाळा सोडून मोठी झाली होती. जून १९८२ मध्ये पाच विरुद्ध चार असा निकाल लागला: केवळ त्यातले विचार नापसंत म्हणून शाळामंडळाला ग्रंथालयातून पुस्तक काढता येणार नाही, असे प्रमुख निकालपत्रात म्हटले. ऑगस्टमध्ये मंडळाची सभा भरली, ठराव सहा विरुद्ध एक असा पास झाला, आणि पुस्तके पुन्हा फळीवर गेली.